एफ

कामावरून येतो एलेउतेरिओ,
अंगाला अजून वेल्डिंगचा वास.
हात धुतो, दोनदा, आणि गिटार घेऊन
चुलीपासून लांब बसतो.
उबेनं लाकूड आकसतं, असं यानिरा म्हणाली.
यानिरा त्याची गुरू. वय वर्षं चौदा.
शनिवारी येते शेजारून, च्युइंगम चघळत,
"मनगट!" एवढंच ओरडते.

बाकीच्यांची म्हणे बोटं सोलवटतात पहिल्या महिन्यात.
याची तीस वर्षांपूर्वीच
पुंता अरेनासच्या गोदीत, पत्र्यांवर सोलवटून झाली.
याचं दुखणं वेगळं:
तार बोटाखाली आहे की नाही, कळतच नाही.
वाकून बघावं लागतं.

सी लागतो. ए मायनर लागतो.
एफ लागत नाही.
नुसता एक मुका ठक्क,
डब्यात वाळका पावटा पडावा तसा.
मे गेला.
जून गेला, साडेचारचा अंधार घेऊन.
सामुद्रधुनीवरचा वारा छपराचे पत्रे उचकटत राहिला
आणि आत तेच चार ठोके, तोच ठक्क.

मी भिंतीपलीकडे पावाची कणीक मळते.
इतकं पाठ झालंय ते अडखळणं
की ती जागा आली की माझे हात आपसूक थांबतात,
ठक्क होऊ देतात,
मग पुढे.

काल थांबले.
ठक्क आलाच नाही.
पाच तारा वाजल्या, सहावी जरा घोगरी,
आणि हा गेलासुद्धा पुढे.
मी मागे राहिले, मनगटापर्यंत कणकेत.

जेवताना काही बोलला नाही.
मीठ देता देता
डाव्या तर्जनीकडे बघितलं त्यानं,
बारीक आडव्या रेघा होत्या.
"कळली," म्हणाला, "तार."