दुसऱ्याच्या नावाचे ठोके

सिस्टर प्रणाली बनियन घेऊन आली पॉलिथिनमंदी गुंडाळून.
"गुंफाबाई, भगीरथ उईकेले हे सैल होते.
छातीले चिकटून राह्यलं पाह्यजे, नाई त ठोके सापडत नाई.
फक्त हा चंदेरी धागा कापजा नोका.
धागा तुटला का पंधरा हजार गेले."

म्या कापड उलटं केलं.
चाळीस वर्सं झाले कैची धरून,
असं कापड हातात आलं नोव्हतं.
सूत आपल्या कपाशीचंच,
पण मधामधात केसाएवढी चांदी,
पाठीवरून बगलेत, बगलेतून डाव्या बरगडीखाली,
जशी वावरावावरातून पांदण जाते.
पांदण संपते थ्या जागी चिचोक्याएवढी गुंडी.
"हे मोजते," सिस्टर म्हणे, "अन् वर्ध्याच्या दवाखान्यात धाडते."
"बायांच्या मापाचं नाई का?"
"पुढच्या खेपेले येईन म्हणतात."

दोन्ही कुशीतून बोट बोट घेतलं, धागा वाचवून.
पण बसते का नाई
हे अंगात घातल्याबिगर कसं कयाचं?
भगीरथ गेला होता लेकीच्या गावाले.
दिवे लागले होते. कडी लावली,
पोलकं काढलं,
अन् चढवलं त्याचं बनियन.

गार लागली चांदी.
गुंडीत हिरवा ठिपका लुकलुकला.
उगाच मशीनवर बसली मी,
पायडल मारलं, उशीच्या दोन खोळी शिवल्या.
आपलं कोणी आयकून राह्यलं
असं पह्यल्यांदाच वाटलं.
मंग लाज आली. काढून घडी घातली.

रात्री भगीरथले फोन:
"काका, तुमचा ठोका मधातच चुकते. सकायच्या गाडीनं या."
थो गेला, पोराले संग घेऊन.
दोन दिवस ठेवलं, नळ्या लावल्या, काहीच नाई निंगालं.
"मशीनच येडी," म्हणत हासत आला,
मले संत्र्याची बर्फी देली,
"शिलाई मात्र फस्कलास, गुंफाबाई."

बर्फी फडताळात तशीच हाये. मुंग्या लागल्या.
नळावरून हंडा आणताना दम लागे, थो मले वयाचा वाटे.
छातीत फडफड होये,
थे वाटे का मशीनचा पट्टा सैल झाला.

काल मशीन बंद केली. दोन बोटं मनगटावर ठेवले.
एक. दोन. तीन.
मंग टाका सुटल्यावानी रिकामी जागा.
मंग पाच.

कापडात टाका सुटला का मांगून उसवता येते.
इथं कुठून उसवाचं?

दवाखान्याच्या कम्प्युटरमंदी अजून
माह्ये वीस मिनिटं
भगीरथ उईकेच्या नावानं पडून हायेत.
सोमवारी सिस्टर येते, अंगणवाडीच्या वाटेनं.
तिले च्या मांडाचा, मंग सांगाचं.
पण पह्यले बनियनचं सांगाचं का कडी लावल्याचं,
थे काही जुळून नाई राह्यलं.