वाळे

जन्मली तेव्हा रडलीच नाही, असं सगळे सांगतात.
खोटं आहे ते.
मी पाहिलं होतं:
तोंड उघडलेलं, कपाळभर आठ्या, मुठी घट्ट,
सगळा जीव लावून रडत होती पोर.
फक्त ऐकू आलं नाही कुणाला.
मग ओठ जांभळे झाले,
आणि सिस्टर तिला घेऊन धावल्या.

शेट्ये डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या बिलामागे
दोन तिरक्या रेघा काढल्या, छपराच्या पाख्यांसारख्या,
आणि मधली जागा पेनानं भरून टाकली.
"इथे पापुद्रा आहे. जन्मतःच. फार क्वचित दिसतो.
मागे थोडी फट राहिलीय, तिच्यातून श्वास ओढत होती."
मी विचारलं, सायीसारखा का?
सायीसारखा असला तर काढता येईल की.
त्या हसल्या नाहीत.
"काढू. पण आवाज नंतर. आधी श्वास."

मग गळ्याच्या खळगीत एक भोक,
भोकात नळी, नळीला मानेमागून फीत.
घणसोलीच्या आमच्या दीड खोलीत
मिक्सर उचलून माळ्यावर गेला,
त्याच्या जागी सक्शनचं मशीन आलं.
वीज गेली तर पायानं दाबायचा पंप खाटेखाली.
नळी किती आत घालायची,
त्या मापाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.
सिस्टरनं शिकवलं होतं:
घालताना स्वतःचा श्वास धरा,
तुम्ही गुदमरलात की समजा, तीही गुदमरली.
दिवसातून वीसदा
मी तिच्याएवढी होते.

रबाळ्याकडून रात्री तो आंबूस वास येतो
तेव्हा खिडक्या लावून, फटींत फडकी कोंबून
आम्ही घामाघूम बसतो.
आमची नाकं आहेत. तिला नुसतं भोक.

बारशाला आत्याबाई कानाशी वाकल्या
आणि अडखळल्या.
मंजुळा. पणजीचं नाव, सातव्या महिन्यातच ठरलेलं.
कुणीतरी मागून म्हणालं, बदला गं, बरं नाही दिसत.
मी म्हटलं, कुर्र करा.

गुणवंतीकाकी शेळ्या पाळते मागच्या आळीत.
म्हणाली, घुंगरू बांध पोरीच्या पायात,
शेळीला बांधतो ना आपण, कुठे आहे ते कळायला.
मला राग आला.
तीन दिवस टिकला राग.
चौथ्या रात्री उगाच जाग आली, हात लावला,
तर उशी भिजलेली, कानांत पाणी साचलेलं,
कधीपासून रडत होती कोण जाणे
माझ्यापासून वीतभर अंतरावर.
सकाळी वाशीला जाऊन चांदीचे वाळे आणले,
घुंगरांचे.

तेव्हापासून ती पायांनी रडते.
भुकेचं छुनछुन वेगळं, पोटदुखीचं वेगळं.
नळीत चिकटा अडकला तर
एकच झटका, मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीला मी सगळ्यात आधी उठते.

हा फळबाजारात कामाला.
रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतो,
शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही.
घरी आला की हात तीनदा धुतो,
तिच्या दुपट्यात हात सारतो,
आणि दोघं कसलेतरी व्यवहार करत बसतात.
मी विचारते, काय ठरलं?
म्हणतो, पार्टी ऐकत नाहीये.

दीड वर्षानं पापुद्रा कापला.
नळी अजून आहे. पण बाईंनी हलकेच
तिच्या तोंडावर बोट ठेवलं, क्षणभर,
आणि खोलीत काहीतरी करकरलं.
मला वाटलं, स्टूल सरकलं कुणाचं तरी.
मी मागे वळूनसुद्धा पाहिलं.
मंजुळानंही पाहिलं.

आता नळीला छोटीशी झडप बसवलीय,
दिवसातून तासभर.
खरखरीत आवाज आहे, पितळेची कढई घासल्यासारखा.
हा म्हणतो, काढ आता वाळे, मोठी झाली.
काढले मी दोनदा.
पण हाक मारायची असली की
ती आधी पाय आपटते, थांबते, माझ्याकडे बघते,
आणि मग आठवल्यासारखं
तोंड उघडते.