पाण्याची सुट्टी

सॉकर कॅम्पच्या यादीत पहिलीच ओळ:
पाण्याच्या दोन बाटल्या, मोठ्या, नाव घातलेल्या.
मग शिनगार्ड, टोपी, सनस्क्रीन,
आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत,
घरचं काही आम्हाला माहीत असायला हवं का?
पुढे दीड ओळ जागा.

मी ‘नाही’ लिहिलं.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

फ्रिजवर दुसरी यादी आहे, श्रीरंगची.
दिवसाला एक लिटर.
चहा त्यातच, आमटी त्यातच,
गोळी गिळायचा घोटही त्यातलाच.
सकाळी तो जग भरून ठेवतो
आणि कपभर चहा झाला की कपभर पाणी
जगातून कढीलिंबाच्या कुंडीत ओततो.
यंदा कढीलिंब असा फोफावलाय
की शेजारची लोरेटा विचारून गेली, काय घालता?

इंजिनं बनवणारं गाव हे. कोलंबस, इंडियाना.
दोन वर्षांसाठी आलो होतो पुण्याहून,
त्याला आता तेरा झाली.
श्रीरंगचं काम गाळण्यांचं, डिझेलच्या.
‘जगाला फिल्टर दिले, घरचे दोन्ही बाद’
हा विनोद तो स्वतःच करतो
आणि सुई टोचता टोचता नर्स डार्लीन
दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पावणेसहाला त्याला सेंटरवर सोडायचं,
नऊला ऋजुताला मैदानावर,
साडेदहाला त्याला आणायचं, बाराला तिला.
मधल्या वेळात मी गाडीत बसून ऑफिसचे फोन घेते
आणि म्हणते, हो, घरूनच बोलतेय.

त्याच्या डाव्या हातात, कोपराच्या आत,
शीर जोडलीय तिथे एक भुंगा राहतो.
झोपण्याआधी ऋजुता कान लावून ऐकते.
‘आहे,’ म्हणते, आणि मगच दिवा घालवते.

जूनमधली एक रात्र.
बाथरूमचं दार लोटलेलं,
नळ इतका बारीक सोडलेला की धार वाजू नये.
ओंजळीने पीत होती.
मला बघून ओठ पुसले,
साखर चोरताना सापडल्यासारखे.
किती दिवस चाललं होतं, मी विचारलं नाही.
जेवताना तिच्या ताटाशी भांडं नसायचं
हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.
त्याच्याही आलं असणार.
त्याने काही म्हटलं नाही. मीही नाही.

शुक्रवारी सेंटरमधून बाहेर आला तो राखेच्या रंगाचा.
म्हटलं, घरी चल, पड जरा.
‘नको. मैदानावर.’

मेपलखाली घडीची खुर्ची. दंडावर पांढरी पट्टी.
मैदानापलीकडे मका, गुडघ्याच्या वर आलेला.
ऊन असं की गोलपोस्टला हात लावता येऊ नये.
कोच ब्रेननची शिट्टी: पाणी!
तीस मुलं बाटल्यांवर तुटून पडली.

ऋजुताने झाकण काढलं,
बाबा दिसला,
आणि ती वळली. पाठ करून उभी राहिली.

‘ऋजू!’
इतका मोठा आवाज महिन्यांत निघाला नव्हता त्याचा.
अख्ख्या मैदानावर, शुद्ध मराठीत,
‘पाठ नको करूस. इकडे तोंड कर. पी!’

आई-बाप वळून बघायला लागले.
तिने मान मागे टाकली.
गट्‌ गट्‌, हनुवटीवरून ओघळ, जर्सी भिजली,
आणि खुर्चीत याचा कंठ
तिच्या प्रत्येक घोटाबरोबर
वर, खाली.

शिट्टी झाली. ती थांबली नाही.
बाटली उलटी करून दाखवली त्याला, रिकामी,
मग धावली.

परत येताना दुसरी बाटली
मागच्या सीटखाली वळणावळणाला घरंगळत होती.
घरी आल्यावर त्याने बर्फाचा एक खडा गालात धरला
आणि तसंच बोबडं विचारलं, कोण जिंकलं?
आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
कुणालाच आठवेना.