शेऱ्याचा रकाना

रात्रीचे अडीच. सोहार बंदराकडून
एका जहाजाचा भोंगा, मग पुन्हा एसीची घरघर.
खाऱ्याचं गोडं करणारा आमचा कारखाना
वर्षातून एक आठवडा बंद असतो, तो हा.
पाइपांची जाडी मोजून झालीये.
तिचा तक्ता करायला मी.

यंत्र म्हणतं : डबा ओसंडला,
ओळ चारशे बारा, सदतीस पॉइंटांनी.
नुसतं म्हणतं. नोंद करून पुढे जातं,
सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं.
कागदावर पाहावं तर शेवटचे रकाने
समासाबाहेर लोंबतायत,
बसच्या दारात अडकलेल्या ओढणीसारखे.

आधी सोपी चूक सापडली.
अठराव्या रांगेत दोन खणांमधली
ती वेटोळ्याची खूण टाकायची राहिली होती.
तेवढ्यानं अख्खी रांग एक घर डावीकडे :
जाडीखाली तारीख, तारखेखाली तपासनीस.
म्हणजे पाइप अकरा जूनइतका जाड
आणि अश्फाक परकार हा एक दिवस.
एकटीच हसले.

मग आकडे. कुणीतरी सगळे मध्यावर धरलेले,
म्हणून सगळे सारखेच बाळसेदार.
दशांशचिन्हं एका ओळंब्यात घेतली
तेव्हा कुठे दिसलं
कोण किती झिजलंय.

राहिला शेरा.
मस्कतहून आलेल्या नमुन्यात त्याला दोन सेंटिमीटर.
बाकीचे लिहितात ‘ठीक’, आणि ते मावतं.
परकारांचं इंग्रजीसुद्धा बाणकोटचं :
‘कोपरावर हातोडी मारली तर आवाज भद्द येतो.
मीटर बरा म्हणतो. मला बरा वाटत नाही.
उघडून बघा.’
दोन सेंटिमीटरात त्याचं झालं

भद्द
येतो.
मीटर
बरा
म्हण-
तो.

याकूब साहेब फोनवर, जांभई देत :
छोटं कर ना त्याला. लिही ‘निरीक्षणाखाली’.
माणूस वाईट नाही. सकाळी मुलांना शाळेत सोडून
सातला इथे असतो.
आणि मलाही लहानपणापासून पाठ आहे,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
पण अंथरूण शिवलं कुणी, हे मिरजेत
कुणी शिकवलं नव्हतं.

शेऱ्याच्या उजवीकडे दोन रकाने,
पडताळणी आणि मंजुरी,
साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर,
दोन्ही कोरे.
प्रत्येकातून दीड काढून घेतला.
पुन्हा चालवलं. पुन्हा. मथळ्याची रेघ तुटली,
ती सांधली. आणखी एकदा.
यंत्र गप्प.
परकारांचं म्हणणं चार ओळींत
नीट अंग टाकून पडलं.

ते स्वतः तेव्हा कॅम्पात झोपलेले असणार,
हातोडी उशाशी नसेल, पण सांगता येत नाही.

सव्वासातला साहेबांनी छापील कागद घेतला.
त्यांची सही उजवीकडून निघते,
आणि लांब आहे.
दोन सेंटिमीटर संपले तशी ती
रेघ ओलांडून शेऱ्यात शिरली,
तिचं शेपूट ‘भद्द’वर जाऊन टेकलं.

साहेब थांबले. चष्मा वर केला.
पेन तिथेच होतं, कागदावर,
शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

“हे कुठलं कोपर?” म्हणाले.