पहिला थर

रास अल खैमाला रात्रपाळीत डोंगर दिसत नाही,
नुसता असतो.
मशीन फिरतं, मिनिटाला अठराशे गोळ्या.
खाली पांढरा थर, वर फिका गुलाबी.
गुलाबी गिळताक्षणी सुटतो.
पांढरा ओल पिऊन फुगतो, अंगावर साय धरतो
आणि बारा तास पुरवून पुरवून देतो,
पंचवीस तारखेनंतर घर चालवणाऱ्या बाईसारखा.

मंगळवारी गोळ्या उकलायला लागल्या.
सांध्याला नख लावलं की गुलाबी टोपी हातात.
मी दाब वाढवला.
आणखी वाढवला.
अठ्ठेचाळीस किलो माल लाल पिंपात गेला.

इस्माईल परकार, मूळ खेडचे,
सत्तावीस वर्षं याच खोलीत,
मास्कच्या आडून म्हणाले,
"वरच्याला कशाला छळतेस? पहिला सैल कर.
पहिल्यालाच फार दाबलंस तर काच होते त्याची.
मग दुसऱ्यानं धरायचं कुठं?"

मी पहिल्याचा दाब उतरवला,
मूठ नुसती मिटावी इतका.
आत खरखरीत राहिला तो.
गोळी धरली.

प्रयोगशाळेत सहा काचेची भांडी,
पाणी सदतीस अंश, पोटाइतकं ऊन,
वल्ही संथ फिरताहेत.
एक, दोन, चार, आठ,
तासांवर नमुने काढायचे, वहीत आकडे.
घाई कुणालाच नाही, मला सोडून.

परकारकाका हीच गोळी घेतात, आधीच्या घाण्यातली.
रमजानात सहरीला, साडेचारच्या सुमारास,
कँटीनमध्ये दोन खजूर, पराठा, मग ही.
मग मगरिबच्या बांगेपर्यंत घोटही नाही.
बारा तास गोळीचे.
"वरचे दोन माझे," म्हणतात, आणि हसतात.

सहाला पाळी सुटते.
बोईसरला साडेसात, केतकीची शाळेची गडबड.
रोज मी दहा मिनिटांत सगळं कोंबते:
डबा, गृहपाठ, केसांना तेल, आजीशी नीट बोल,
गणिताचे किती, एवढेच का.
ती "हो" म्हणते. गुळगुळीत "हो".

आज काही विचारलं नाही.
बसच्या खिडकीशी फोन धरून बसले.
डोंगर उजाडून तांबूस झाला होता.
तिकडे पंखा ऐकू येत होता, नळ,
कुणीतरी वाटी आपटली.
मी थांबले.
खूपच वेळ गेला, किंवा मला तसा वाटला.

मग ती म्हणाली, "आई, एक सांगू?
ओरडणार नाहीस ना?"
तोंडात ब्रश होता तिच्या,
अर्धे शब्द फेसात गेले.
उरलेले मी धरले.