मुलगा प्रेसमध्ये आहे

मध्यस्थ म्हणाला, मुलगा प्रेसमध्ये आहे.
नाशिकरोडला.
वडिलांनी पुढचं काही विचारलं नाही.
अंदरसुलात तेव्हा एवढं वाक्य पुरायचं.
प्रेस म्हणजे नोटांची.
प्रेस म्हणजे भोंगा, क्वार्टर, पेन्शन,
गेटवर अंगझडती देऊन घरी येणारा जावई.
आईने पुरणात जायफळ जरा जास्तच किसलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, जेलरोडला,
ह्यांनी कुलूप काढून पत्र्याचं दार वर लोटलं.
आत टेबल, टेबलावर जळकी गोधडी,
कोळशाची सात किलोची इस्त्री,
आणि दारावर निळ्या रंगात, स्वतःच्या हाताने लिहिलेलं
श्रीगणेश प्रेस.
ही, म्हणाले.

खोटं कुणीच बोललं नव्हतं.
मध्यस्थाने फक्त शब्द पुढे केला होता,
मुलगी दाखवतात तसा,
बरी बाजू उजेडाकडे करून.

आठ दिवस मी बोलले नाही.
नवव्या दिवशी एक शर्ट उचलला, कॉलरवर पाणी शिंपडलं.
शर्ट त्या मोठ्या प्रेसमधल्या खर्जुलसाहेबांचा.
खिशात दहाची नोट, धुऊन धुऊन गोळी झालेली.
थांब, म्हणाले हे.
नखाने घडी घडी सोडवली,
ओल्या रुमालाखाली ठेवून इस्त्री नुसती टेकवली.
सरळ, कडक, कोमट नोट
परत त्याच खिशात.
म्हणाले, त्यांनी एकदा छापली, आपण दुसऱ्यांदा.
मला हसू आलं. मग आवरेना.

शेजारच्या खोलीत दीपंकर पगारे राहायला आला.
त्याच्या मोटरसायकलवर लाल अक्षरात प्रेस.
पोलीस त्याला अडवत नसत.
ह्यांनी विचारलं, मी लिहू का लुनावर?
तो म्हणाला, काका, तुमचा हक्क माझ्याहून जुना.
लिहिलं.
द्वारका चौकात हवालदाराने शिट्टी मारली:
कोणत्या पेपरात?
हे म्हणाले, पेपरावर नाही हो, कपड्यावर.
पावती फाटली. ती अजून डब्यात आहे.

धाकटीच्या फ्रॉकला प्रेसची बटणं,
लावताना टिच्च, काढताना टिच्च,
दिवसभर तोच खेळ.
मोठा गंगापूर धरणाकडे वायनरीत लागला.
द्राक्षं पिळतात त्या यंत्रालाही प्रेसच म्हणतात, आई.
त्याचं जमवताना मी व्याह्यांना सांगितलं,
मुलगा प्रेसवर आहे.
बोलून गेले, आणि जीभ चावली.
त्यांनी पुढचं विचारलं.
हल्ली विचारतात.

मागच्या पौषात ह्यांना बिटकोत ठेवलं होतं.
सिस्टरने सुई काढली, कापूस ठेवला.
म्हणाली, काकू, प्रेस करून धरा.
धरलं.
रक्त केव्हाच थांबलं होतं.
ती दुसरा वॉर्ड फिरून आली आणि ओरडलीच,
अहो, सोडा आता!
एकेचाळीस वर्षं सात किलो ढकलणारा दंड
माझ्या अंगठ्याखाली
धुऊन विरलेल्या कॉलरसारखा.
ह्यांचे डोळे मिटलेले.
म्हणाले, डाग गेला का गं?

आता बोर्ड रंगवायला पोरगा आला.
म्हणतो, प्रेस काढू का मावशी?
सगळे ड्रायक्लीनर्स लिहितात.
म्हटलं, राहू दे.
'प्रे'ची मात्रा त्याने सरळ काढली.
ह्यांची डावीकडे कलायची,
घाईत निघालेल्या माणसाच्या टोपीसारखी.

विजेची इस्त्री हलकी.
दाबायचं म्हटलं तर हाताला काही लागत नाही.
खिसे मात्र मी आधी तपासते.
शर्टाचे आठ, साडीचे चाळीस.
नोट निघाली, तर तिचे काही नाही.