घशातला क

तिथे सकाळचे दहा, इथे संध्याकाळचे साडेसात.
मालाडच्या खाडीवरून वास उठायची वेळ,
आठव्या मजल्यावर काचा बंद
आणि माझ्या कानात वॉशिंग्टन.

मिनिटाला अकरा रुपये,
शंभर शब्दांत दोन चुका माफ.
खोकला लिहायचा नाही. हशा लिहायचा, कंसात.
तीनदा ऐकूनही शब्द लागला नाही
तर टाकायचं: अस्पष्ट.

एक सिनेटर म्हणतो, त्यांना तिथेच गाठलं पाहिजे,
ते इथवर यायच्या आधी.
दुसरा म्हणतो, गाठतोच आहोत वीस वर्षं,
दर खेपेला मोजणी वाढूनच येते.
पहिला म्हणतो, माझे सन्माननीय मित्र
शत्रूचं नाव घ्यायला कचरतात.
दुसरा म्हणतो, कुणाचं घेऊ? दीड अब्जांचं?
अध्यक्ष म्हणतात, वेळ संपली.
दोघंही आयरॅक म्हणतात.
निदान त्यावर एकमत.

"तो क घशातला आहे," शेजारून झुबेदा मुकादम.
श्रीवर्धनची. एक कान नेहमी हेडफोनबाहेर.
लहानपणी मौलवींनी त्या एका अक्षरासाठी
आठवडाभर बसवून ठेवली होती तिला.
"पडजिभेच्या मागून काढायचा. तुमच्यात नाही तो."
आमच्यात नाही.
मी क्यू टाइप करते आणि पुढे जाते.

खोटं कशाला बोलू,
पहिला सिनेटर बोलतो तेव्हा माझी बोटं भरभर चालतात.
त्या नोव्हेंबरात आई कामा हॉस्पिटलात रात्रपाळीला आया होती.
बाळंतिणींच्या खोलीच्या दाराला तिने खाट लावली
आणि खाटेला पाठ.
अजून ती कडी दोनदा तपासते,
दिवाळीत कानात कापूस घालून बसते.
कुणीतरी कुणाला तरी गाठावं
असं मला वाटत नाही, असं नाही.

मग साक्षीदार. दुभाष्यामार्फत, खरखरत्या लाइनवर.
तो म्हणतो, वरात होती.
लष्कराचा कागद म्हणतो, ताफा.
पाच गाड्या, एकामागे एक, मधली सजवलेली.
वरून फुलं दिसत नाहीत का? दुसरा सिनेटर.
एवढ्या उंचीवरून उष्णता दिसते, तज्ज्ञ म्हणतो,
आणि वर एक शब्द ठेवतो: कोलॅटरल.
आई याला सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणते,
पण म्हणताना ती निदान
चुलीकडे बघत असते.

साक्षीदार पोरीचं नाव सांगतो.
दुभाषा ते अर्धं गिळतो.
एकदा. दोनदा. तीनदा.
मी हेडफोन झुबेदाकडे दिला.
तिने एकदाच ऐकलं.
"रुकय्या," ती म्हणाली, आणि चहा आणायला गेली.
तिचा चहा टेबलावर होता, वाफाळता.

मी लिहिलं नाव.
दोनच्या सुमाराला तपासनिसाचा शेरा आला:
पुरवलेल्या यादीत नाही. अस्पष्ट करा.
केलं.
घराचा हप्ता पाच तारखेला जातो, केलं.
झुबेदाने माझ्या पडद्याकडे पाहिलं,
वरच्या ओळीतला एक चुकलेला स्वल्पविराम दाखवला,
आणि आपल्या फाइलकडे वळली.

पहाटे चारला रिक्षात
मी जीभ मागे नेऊन बघितली.
पडजिभेपाशी काहीतरी अडतं, मग ठसका.
पुन्हा. पुन्हा ठसका.
रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं,
पाणी पाहिजे का, ताई?
नको म्हटलं.
लिंक रोडचा सिग्नल लाल होता, रस्त्यावर कुणीही नव्हतं,
तरी तो थांबला.
मी आणखी एकदा करून बघितला.